रोड बाइकचा पुढचा डिरेलर: दोष जुळवणीचा की न जुळणाऱ्या भागांचा?

लक्षणे

क्रँक (पेडलची दांडी), शिफ्टर (गिअर बदलणारा लीव्हर), चेनरिंग (क्रँकवरचे दातेरी चक्र) किंवा संपूर्ण फ्रेम बदलल्यानंतर पुढच्या डिरेलरविषयी, म्हणजे चेन एका चेनरिंगवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेविषयी, ज्या तक्रारी येतात, त्या बहुतेक वेळा मोजक्या प्रकारांतच बसतात. चेन लहान चेनरिंगवरून मोठीवर चढत नाही, किंवा लीव्हर शेवटपर्यंत दाबून धरला तरच चढते आणि लीव्हर सोडताच केजला (डिरेलरच्या ज्या दोन पट्ट्यांमधून चेन जाते त्या चौकटीला) घासू लागते. चेन चढते, पण मोठ्या चेनरिंगच्याही पलीकडे जाऊन पेडलच्या बाजूला पडते. उतरताना लहान चेनरिंग ओलांडून ती बॉटम ब्रॅकेटच्या कवचावर (क्रँकचा धुरा ज्यात फिरतो त्या फ्रेमच्या नळीवर) पडते. काही सायकलींवर चेन दोन चेनरिंगांच्या मधल्या फटीत बसून तशीच घरंगळत राहते. लीव्हर अकारण जड होणे, केजचे शेपूट चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळीला) टेकणे आणि केबल धरणारी दांडी टायरला घासणे ही लक्षणेही याच कुळातली आहेत.

यांपैकी कोणतेही लक्षण साध्या जुळवणीच्या चुकीमुळेही दिसू शकते. भाग एकमेकांशी जुळत नसल्याची सर्वांत भरवशाची खूण वेगळी आहे: एका टोकाचे घासणे थांबवले की दुसऱ्या टोकाचे सुरू होते, आणि स्क्रू कितीही फिरवले तरी दोन्ही टोके एकाच वेळी बरोबर येत नाहीत. असे असेल तर स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवून पुढील तपासण्या क्रमाने कराव्यात. पहिल्या काहींना पैसे लागत नाहीत, आणि बऱ्याच तक्रारी त्यांतच मिटतात.

काय बदलले होते?

पहिली तपासणी सायकलला हात न लावता करता येते. हेच सर्व भाग पूर्वी एकत्र नीट चालत होते का, याचे उत्तर आधी शोधावे. चालत असतील आणि दोष हळूहळू वाढला असेल, तर केबल, तिचे बाहेरचे आवरण, झिजलेली चेन किंवा सैल झालेला क्लॅम्प (डिरेलर फ्रेमच्या नळीवर धरणारा पट्टा) यांच्याकडे संशयाने पाहावे. दोष एखादा भाग बदलल्याच्या दिवसापासूनच असेल, तर तो नवा भाग आणि त्याला लागून असलेले जुने भाग यांची जोडी तपासावी.

यासाठी प्रत्येक भागावरील क्रमांक कागदावर उतरवून घ्यावेत. शिफ्टरचा क्रमांक ब्रॅकेटवर किंवा रबरी आवरणाखाली, डिरेलरचा केजच्या अथवा दांडीच्या आतल्या बाजूस आणि चेनरिंगच्या दातांची संख्या तिच्या पृष्ठभागावर कोरलेली असते. ‘अकरा गतींचा डिरेलर’ एवढीच माहिती पुरेशी नसते (गती म्हणजे मागच्या चाकावरील दातेरी चक्रांची, स्प्रॉकेटांची, संख्या). एकाच कंपनीच्या, सारख्याच गतींच्या दोन मालिका एकमेकींशी जुळतीलच असे नाही. शिमानो कंपनीची टियाग्रा ४७०० ही दहा गतींची मालिका असूनही तिचे लीव्हर आधीच्या दहा गतींच्या डिरेलरांसोबत वापरण्यासाठी नाहीत, हे त्याचे नेहमी फसवणारे उदाहरण आहे.

उंची आणि कोन

केज हाताने बाहेर ढकलून त्याची बाहेरची पट्टी मोठ्या चेनरिंगच्या नेमकी वर आणावी. पट्टीची खालची कड आणि दातांची टोके यांत १ ते ३ मिलिमीटर अंतर असले पाहिजे. अंतर जास्त असेल तर केज चेनला तिच्या वरच्या भागात ढकलतो, चेन वाकते पण बाजूला सरकत नाही, आणि मग चालवणारा लीव्हर आणखी जोराने दाबतो. दातांची संख्या कमी असलेला क्रँक बसवताना डिरेलर खाली घेण्याचे राहून जाते, म्हणून ही तपासणी इतक्या वर ठेवली आहे.

कोन वरून पाहावा. बाहेरची पट्टी चेनरिंगला समांतर असावी. स्रॅम कंपनीच्या ‘यॉ’ रचनेत केज सरकताना किंचित फिरतो, त्यामुळे त्या डिरेलरवर कोरलेल्या खुणेच्या रेषा चेनरिंगच्या पातळीशी जुळवाव्या लागतात. तिथे केवळ नजरेने समांतर लावण्याचा प्रयत्न केल्यास दोन्ही टोकांना घासणे ठरलेले आहे.

कधी कधी डिरेलर आणखी खाली घ्यावा लागतो, पण तो खाली येतच नाही. फ्रेमला पक्क्या बसवलेल्या कानावरची खाच ठरावीक लांबीची असते, आणि ती ५२-५३ दातांच्या चेनरिंगचा विचार करून कापलेली असेल तर ४६ दातांच्या चेनरिंगपर्यंत केज पोहोचत नाही. केज खाली आला तरी त्याचे शेपूट चेनस्टेवर आपटू शकते. इथे खरी विजोड सुरू होते. कानाची जागा खाली आणणारा छोटा जोडतुकडा मिळतो. शेपूट आपटत असेल तर मात्र लहान चेनरिंगांसाठी घडवलेला डिरेलर घेण्यावाचून मार्ग नसतो. केज कानशीने घासून कमी करू नये.

लिमिट स्क्रू आणि केबल

केबल सोडवून घ्यावी आणि मगच लिमिट स्क्रू (केजची आतली आणि बाहेरची मर्यादा ठरवणारे) लावावेत, कारण ताणलेली केबल आतल्या मर्यादेची खरी जागा लपवते. चेन लहान चेनरिंगवर आणि मागच्या सर्वांत मोठ्या स्प्रॉकेटवर ठेवून केजच्या आतल्या पट्टीत आणि चेनमध्ये अर्धा मिलिमीटरपर्यंतच फट राहील असा आतला स्क्रू लावावा. बाहेरचा स्क्रू मोठ्या चेनरिंगवर आणि मागच्या सर्वांत लहान स्प्रॉकेटवर चेन ठेवून, केज हाताने बाहेर धरून, बाहेरच्या पट्टीशी तशीच फट ठेवून लावावा. त्यानंतर आतला लीव्हर चालेनासा होईपर्यंत दाबून शिफ्टर सर्वांत आतल्या पायरीवर आणावा, केबल हाताने ताणावी आणि बोल्ट घट्ट करावा. शिफ्टर मधल्या ट्रिमच्या (घासणे टाळण्यासाठी केज किंचित सरकवणाऱ्या) पायरीवर असताना केबल बांधली गेली, तर एका पायरीएवढी केबल कायमची वाया जाते आणि लक्षणे हुबेहूब न जुळणाऱ्या शिफ्टरसारखी दिसतात.

केबलचे आवरणही पाहून घ्यावे. गिअरच्या केबलसाठी लांबीच्या दिशेने तारा असलेले आवरण लागते. ब्रेकचे गुंडाळलेल्या पट्टीचे आवरण चुकून वापरले गेले असेल तर ते दाबले जाते आणि लीव्हरची काही हालचाल त्यातच संपते. बॉटम ब्रॅकेटखालची प्लास्टिकची खाच चिखलाने भरली असेल किंवा केबलने तिच्यात खोल चर पाडला असेल, तर लीव्हर जड होतो. केबल आणि आवरण हे या सर्व यादीतले सर्वांत स्वस्त भाग असल्यामुळे शंका असेल तेव्हा ते आधी बदलणेच शहाणपणाचे.

हाताने केलेली परीक्षा

आता मी जिला सर्वाधिक महत्त्व देतो ती तपासणी. केबल पुन्हा सोडवावी, सायकल स्टँडवर घ्यावी आणि चेन लहान चेनरिंगवर व मागच्या मधल्या स्प्रॉकेटवर ठेवावी. एका हाताने पेडल फिरवत दुसऱ्या हातातील स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डिरेलरची दांडी बाहेरच्या मर्यादेपर्यंत ढकलावी. बोटे दातांजवळ नेऊ नयेत.

चेन सहज चढली, तर डिरेलर, चेनरिंग, चेन आणि चेनलाइन (फ्रेमच्या मध्यापासून चेनरिंगांचे अंतर) हे चौघे एकमेकांशी जुळतात, आणि दोष केबल किंवा शिफ्टरच्या बाजूला आहे. हाताने ढकलूनही चेन चढत नसेल, किंवा चढून घासत असेल, तर शिफ्टर बदलण्यात पैसे घालवण्याचे कारण नाही. दोष खाली, चेनरिंगांपाशी आहे. या एका परीक्षेने पुढचा अर्धा शोध वाचतो. तरीही ती बहुतेक जण करत नाहीत आणि ऐकीव माहितीवरून एकेक भाग मागवत राहतात.

दोष शिफ्टरच्या बाजूला असेल तर

प्रत्येक शिफ्टर एका पायरीत ठरावीक लांबीची केबल ओढतो आणि प्रत्येक डिरेलरला टोकापासून टोकापर्यंत जाण्यासाठी ठरावीक लांबीची केबल लागते. या दोन लांबी मोजता येतात. केबलवर डाउनट्यूबच्या (हँडलकडून पेडलकडे येणाऱ्या फ्रेमच्या नळीच्या) उघड्या भागात चिकटपट्टीची खूण करावी, लीव्हर सर्वांत आतल्या पायरीपासून सर्वांत बाहेरच्या पायरीपर्यंत न्यावा आणि खूण किती मिलिमीटर सरकली ते पाहावे. हे करताना केबल हलकीशी ताणून धरावी. मग केबल डिरेलरला बांधून, ती हाताने ओढत, दोन्ही लिमिट स्क्रूंच्या दरम्यान किती लांबी लागते ते मोजावे. केबल आत दडलेली असेल तर हेच मोजमाप बोल्टपाशी करता येते. शिफ्टरची लांबी स्पष्टपणे कमी पडत असेल, तर चेन वर चढणार नाही. ती बरीच जास्त असेल, तर लीव्हर पूर्ण पायरी घेण्याआधीच केज बाहेरच्या स्क्रूवर अडतो आणि पायरी लागत नाही.

मात्र निष्कर्ष काढण्याआधी केबल बोल्टच्या योग्य बाजूने गेली आहे का हे तपासावे. बोल्टच्या वॉशरखाली केबलसाठी कोरलेली खाच असते आणि केबल खाचेच्या दुसऱ्या बाजूने गेल्यास दांडीची परिणामी लांबी बदलते, म्हणजे तीच केबल ओढून केज कमी किंवा जास्त सरकतो. शिमानोच्या अल्टेग्रा ६८०० सारख्या लांब दांडीच्या डिरेलरांवर तर केबल कोणत्या कोनातून येते त्यानुसार तिची वाट बदलण्याची सोय मुद्दाम दिलेली आहे, आणि ती ठरवण्यासाठी कंपनीचे एक छोटे मापक मिळते. ही वाट चुकीची असल्यास सर्व भाग एकाच मालिकेचे असूनही विजोडीची लक्षणे दिसतात. दुरुस्तीला मात्र पाच मिनिटेही लागत नाहीत.

वाट बरोबर असूनही लांबी जुळत नसेल, तर पुढील जोड्यांचा संशय घ्यावा. रोडचा लीव्हर आणि माउंटन बाइकचा डिरेलर यांची जोडी बहुधा चालत नाही, कारण दोघांच्या केबल ओढण्याच्या प्रमाणात फरक असतो. सरळ हँडलबारवरचे शिफ्टर आणि रोडचे डिरेलर यांच्या बाबतीतही मालिका पाहिल्याशिवाय खरेदी करू नये. शिमानोच्या दहा गतींच्या जुन्या डिरेलरांसोबत अकरा गतींचे लीव्हर, किंवा त्याच्या उलट जोडी, हीदेखील नेहमीच्या गोंधळातली आहे. कँपाग्नोलोचे जुने डावे लीव्हर अनेक बारीक पायऱ्यांचे असल्यामुळे ते परक्या डिरेलरालाही बरेच सांभाळून घेतात. स्रॅमच्या यॉ रचनेसोबत येणाऱ्या लीव्हरात ट्रिमची पायरी नसते, म्हणून साध्या केजसोबत तो लीव्हर वापरल्यास कुठल्या तरी स्प्रॉकेटवर चेन घासणारच.

नवीन लीव्हरचा खर्च नको असेल, तर पायऱ्या नसलेला घर्षणाचा शिफ्टर हा माझ्या मते अन्यायाने विसरला गेलेला उपाय आहे. डाउनट्यूबवर किंवा हँडलबारच्या टोकाला बसणारा असा डावा शिफ्टर लागेल तेवढी केबल ओढतो आणि हवा तिथे थांबतो. पुढे दोनच चेनरिंग असल्यामुळे त्याची सवय लवकर होते. अर्थात ब्रेकच्या लीव्हरातूनच गिअर बदलायचे असतील त्यांना तो पटणार नाही.

दोष चेनरिंगांपाशी असेल तर

आधी दातांचा फरक मोजावा. रोडच्या दोन चेनरिंगांच्या डिरेलरांची क्षमता साधारणपणे १६ दातांच्या फरकापर्यंत असते. ५०-३४ आणि ५२-३६ या जोड्या त्या मर्यादेवर बसतात, तर ५३-३९ मध्ये फरक १४ चाच आहे. चढणीसाठी ५२ सोबत ३४ ची चेनरिंग लावली की फरक १८ होतो. मग लहान चेनरिंगवर असताना चेन केजच्या तळाच्या आडव्या पट्टीवर घासते आणि वर चढताना तिला उचलून घेण्यासाठी आधारच मिळत नाही. याउलट स्रॅमच्या बारा गतींच्या एएक्सएस संचात ४८-३५ सारखा १३ दातांचा फरक ठरवून दिलेला आहे आणि त्याचा पुढचा डिरेलर तेवढ्यासाठीच घडवलेला आहे.

दातांचा फरक बरोबर असला तरी जोडी एकमेकींसाठी बनलेली असावी लागते. मोठ्या चेनरिंगच्या आतल्या बाजूस चेन उचलणाऱ्या खिळ्या आणि उतार असतात, आणि त्यांच्या जागा शेजारच्या लहान चेनरिंगच्या दातांवरून ठरवलेल्या असतात. म्हणूनच अनेक चेनरिंगांवर ती कोणत्या जोडीसाठी आहे हे कोरलेले असते. चेनरिंग उलटी किंवा फिरवून बसवली गेली तरी हे सर्व गणित बिघडते. मोठ्या चेनरिंगवरची चेन अडवणारी खिळी क्रँकच्या दांडीमागे आली पाहिजे, आणि लहान चेनरिंगवरचा छोटा उंचवटा तिच्याच रेषेत असला पाहिजे. ही तपासणी फुकट आहे, पण तिच्यासाठी चेनरिंगचे बोल्ट सोडावे लागतात, म्हणून इथे घेतली.

चेनची रुंदी पुढे येते. आठ गतींची चेन बाहेरून सुमारे ७ मिलिमीटर रुंद असते आणि अकरा गतींची सुमारे ५.५ मिलिमीटर. जुना रुंद केज आणि नवी अरुंद चेन एकत्र आली की केज बराच सरकल्यावरच चेनला स्पर्श करतो, गिअर आळसल्यासारखा बदलतो आणि जुन्या क्रँकच्या दोन चेनरिंगांमधल्या रुंद फटीत चेन शिरते. एका गतीचा फरक बहुधा खपून जातो, दोन-तीनचा खपत नाही. तीन चेनरिंगांच्या डिरेलरची आतली पट्टी बरीच खोल असते. तो दोन चेनरिंगांवर चालून जातो, पण नेमकेपणा मिळत नाही. दोन चेनरिंगांचा डिरेलर तीन चेनरिंगांवर बसवण्याचा विचार सोडून द्यावा.

बसवण्याची जागा

क्लॅम्पचे व्यास २८.६, ३१.८ आणि ३४.९ मिलिमीटर असे तीन नेहमीचे असतात. मोठ्या क्लॅम्पमध्ये योग्य जाडीचे अंतरपट्ट घालून तो लहान नळीवर बसवता येतो; लहान क्लॅम्प मोठ्या नळीवर ताणून बसवता येत नाही. केबल खालून येते की वरून, हेही पाहावे. रोडच्या बहुतेक फ्रेमांत ती खालून येते, पण काही सायक्लोक्रॉस फ्रेमांत टॉपट्यूबवरून येते आणि तिथे फिरकी किंवा वरून ओढणारा डिरेलर लागतो.

टायरच्या अडचणीलाही इथेच जागा आहे. ड्युरा-एस ९०००, अल्टेग्रा ६८०० आणि १०५ ५८०० या मालिकांतील डिरेलरांची लांब दांडी आत झुकते आणि रुंद टायरला घासू शकते. नंतरच्या आर९१००, आर८००० आणि आर७००० या मालिकांत दांडीची रचना बदलून ही जागा मोकळी केलेली आहे. टायर २५ वरून ३२ मिलिमीटरचा घेतल्यावर घासण्याचा आवाज सुरू झाला असेल, तर आधी तिकडे पाहावे.

चेनलाइन

सर्वांत कठीण आणि सर्वांत खर्चिक भाग हा. सीटट्यूबच्या (सीटखालच्या उभ्या नळीच्या) मध्यापासून दोन चेनरिंगांच्या मधल्या बिंदूपर्यंतचे अंतर म्हणजे चेनलाइन. सीटट्यूबच्या बाहेरच्या कडेपासून तो बिंदू मोजून त्यात नळीचा अर्धा व्यास मिळवला की आकडा मिळतो. रोडच्या दोन चेनरिंगांसाठी शिमानोचे जुने प्रमाण ४३.५ मिलिमीटर आहे. जीआरएक्स मालिकेतील क्रँक ४६.९ मिलिमीटरवर बसतात आणि त्या मालिकेचे पुढचे डिरेलरही त्याच हिशेबाने २.५ मिलिमीटर बाहेर घडवलेले आहेत. म्हणून जीआरएक्सचा क्रँक आणि रोडचा डिरेलर यांची जोडी लावल्यास केज बाहेरच्या मर्यादेपर्यंत जाऊनही चेनला पुरेसे ढकलत नाही. उलट जोडीत केज आत पुरेसा येत नाही. बाहेरचा स्क्रू पूर्ण सोडूनही चेन चढत नसेल, तेव्हा हेच कारण शोधावे.

जुन्या चौकोनी टोकाच्या बॉटम ब्रॅकेटवर चेनलाइन धुऱ्याच्या लांबीवरून ठरते. चेनरिंग २ मिलिमीटर बाहेर हवी असेल, तर दोन्ही बाजूंना सारखा असलेला धुरा ४ मिलिमीटर लांब घ्यावा लागतो. धुऱ्याच्या टोकाची प्रमाणे दोन आहेत, जेआयएस आणि आयएसओ. आयएसओचा क्रँक जेआयएसच्या धुऱ्यावर पूर्ण आत जात नाही आणि सुमारे ४.५ मिलिमीटर बाहेर राहतो. पोकळ धुऱ्याच्या क्रँकवर कवचाच्या रुंदीनुसार घालायच्या चकत्या चुकीच्या बाजूला गेल्या असतील तर तोच परिणाम थोड्या प्रमाणात दिसतो, आणि तो दुरुस्त करायला वेळाखेरीज खर्च नाही.

कुठे थांबावे

कार्बनच्या सीटट्यूबवर क्लॅम्प घट्ट करताना टॉर्कचा पाना नसेल, तर काम तिथेच थांबवावे. शिमानोच्या क्लॅम्पसाठी ५ ते ७ न्यूटन-मीटर इतकाच जोर सांगितलेला असतो, आणि फ्रेमच्या उत्पादकाची मर्यादा त्याहून कमी असेल तर तीच पाळावी. नळी चेपल्याचा बारीक आवाज आला किंवा रंगात रेषा दिसली तर सायकल चालवू नये आणि फ्रेम जाणकाराला दाखवावी. फ्रेमवरचा कान हलत असेल, वाकला असेल किंवा त्याचे रिव्हेट सैल झाले असतील, तर तो स्वतः सरळ करू नये. बॉटम ब्रॅकेट नेहमीच्या जोराने सुटत नसेल, तर लांब दांडीचा पाना लावण्याआधी कारागिराकडे न्यावे, कारण कवचाचे आटे गेल्यास त्यांची दुरुस्ती डिरेलरपेक्षा कितीतरी महाग पडते. लीव्हरच्या आत केबलची गाठ तुटून अडकली असेल, किंवा हायड्रॉलिक ब्रेकचा लीव्हर उघडण्याची वेळ आली असेल, तरी तेच करावे. चेन आत पडून कार्बनच्या चेनस्टेवर खोल ओरखडा उमटला असेल, तर डिरेलरचा विचार नंतर करून आधी फ्रेम तपासून घ्यावी.

आणि वरील सर्व आकडे जुळत असूनही मोजलेली चेनलाइन अपेक्षेपेक्षा ३-४ मिलिमीटरने चुकत असेल, तर फ्रेमच वाकलेली असण्याची शक्यता गृहीत धरावी; ती तपासण्याचे साधन कार्यशाळेत असते, घरी नसते. कारागिराकडे जाताना भागांच्या क्रमांकांचा तो कागद, केबलची दोन मोजमापे आणि हाताने केलेल्या परीक्षेचा निकाल सोबत न्यावा.